पहिली बॅच करण्याआधी

आरएनए आत असलेले लिपिडचे नॅनोकण बनवतोयस, तर द्रावणं मिसळणाऱ्या पंप आणि चिपचं नंतर बघ, आधी लिपिड नीट विरघळलंय का ते बघ. फ्रीजमधून काढलेल्या इथेनॉलच्या द्रावणात कोलेस्टेरॉलचे बारीक स्फटिक तळाशी बसलेले असू शकतात. कुपी उजेडात धरून तिरकी कर, दिसतील. तसंच वापरलंस तर आयनीकरणक्षम लिपिड, फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि पेग-लिपिड यांचं ५०:१०:३८.५:१.५ हे प्रमाण फक्त वहीत उरतं. मी यात दोन आठवडे घालवलेत.

आरएनए ४ पीएचच्या बफरमध्ये घे. तिथे आयनीकरणक्षम लिपिडवर धनभार येतो आणि ते आरएनएला धरतं, ७.४ ला ते जवळपास उदासीन असतं. इथेनॉल एक भाग, बफर तीन. हळू मिसळलंस की कण मोठे होतात. मग लगेच डायलिसिस, म्हणजे पडद्यातून इथेनॉल काढून टाकणं, जेवून आल्यावर नाही! इथेनॉल राहिलं तर कण एकमेकांत विलीन होत जातात.