समर फेअरमध्ये वडापावचा स्टॉल: चव जमेलच, घाण्याचं गणित आधी जमवा

जून-जुलै आला की इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांच्या पालक संघाकडून, म्हणजे पीटीएकडून, निरोप येतो: समर फेअरला एखादा स्टॉल लावाल का? आणि मराठी घरात पाच मिनिटांत ठरतं, वडापाव करू. निवड उत्तमच आहे. हातात धरून खाता येतो, शाकाहारी आहे, आणि बटाटा इथल्या कुणालाच परका नाही. फक्त घरी वीस पाहुण्यांना वडे वाढणं वेगळं आणि अनोळखी गर्दीला दोन तास वडे विकणं वेगळं. चवीमुळे सहसा स्टॉल बुडत नाही. बुडतो तो रांग पंचवीस माणसांची आणि कढईत वडे आठ, यामुळे.

म्हणून "हो" कळवण्याआधी पीटीएला तीन गोष्टी लेखी विचारा. तळायची परवानगी आहे का? शाळेच्या विम्यात उघड्यावर तळणं बसतं का? आणि शाळेचं स्वयंपाकघर त्या दिवशी उघडं असेल का? यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा फेअरच्या आदल्या आठवड्यात कळतं आणि तोवर तुमच्या गॅरेजमध्ये बटाट्याचं पोतं येऊन पडलेलं असतं. तळायला नाही म्हणाले तर वाद घालू नका, भेळ करा. तिला आग लागत नाही, वीज लागत नाही, आणि कुरमुरे-शेव आदल्या दिवशी मोजून डब्यात भरता येतात.

नोंदणीबद्दल उगाच घाबरायला होतं. वर्षातून एखाद्या वेळी, लहान प्रमाणावर, धर्मादाय कामासाठी अन्न विकणाऱ्या स्वयंसेवकांना काउन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, अन्नव्यवसाय म्हणून नोंदणी करावी लागत नाही आणि फूड हायजीनचं प्रमाणपत्रही सक्तीचं नाही. अन्न सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मात्र तुमचीच. हाच स्टॉल दर महिन्याला लावायचं ठरवलंत तर मामला बदलतो. मग सुरू करण्याच्या २८ दिवस आधी नोंदणी करायची. तिला पैसे पडत नाहीत.

आता गणित. साध्या घरगुती कढईत एका घाण्याला आठ-नऊ वडे बसतात. वडे टाकले की तेल थंडावतं, ते पुन्हा तापेपर्यंतचा वेळ धरला तर एक घाणा सहा मिनिटांचा. म्हणजे तासाला ऐंशीच्या आसपास. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण फेअरची गर्दी दोन तासांवर सारखी पसरत नाही. ती पहिल्या पाऊण तासात येते, सगळी एकदम. म्हणून दार उघडण्याच्या अर्धा तास आधी तळायला लागा आणि चाळीसएक वडे हाताशी ठेवून सुरुवात करा. पहिल्या वर्षी शंभर वडे पुरे. संपले तर लोक पुढच्या वर्षी लवकर येतील, उरले तर तुम्ही तीन दिवस वडेच खाल.

शंभर वड्यांना साधारण साडेसहा किलो बटाटे लागतात. इथे बटाट्याच्या पिशवीवर जातीचं नाव असतं, ते वाचून घ्या. मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड घ्या, हे उकडल्यावर मोकळे, पिठूळ होतात. शार्लोट किंवा 'सॅलड पोटॅटो' लिहिलेले घेतलेत तर सारण चिकट होतं आणि वडा आतून पेस्टसारखा लागतो. बटाटे उकडले की पाणी काढून पाच मिनिटं उघड्या भांड्यात तसेच वाफेवर सुकू द्या. कुस्करलेल्या बटाट्याला चवीपुरतं म्हणजे किलोला १४-१५ ग्रॅम मीठ. लसूण पाव किलो, आलं आणि हिरव्या मिरच्या प्रत्येकी दीडशे ग्रॅम, कोथिंबिरीच्या चार मोठ्या जुड्या. मिरची घरी घालता त्याच्या निम्मीच सारणात घाला, उरलेली तळून वेगळी ठेवा. कांदा घालूच नका, त्याला रात्रभरात पाणी सुटतं. आवरणाला दीड किलो बेसन, दीडशे ग्रॅम तांदळाचं पीठ, हळद, ओवा, मीठ. तेल पाच लिटरचा एक कॅन आणि वर एक-दोन लिटर. पाव एकशे दहा.

पाव लंडनमध्ये साउथहॉल, वेम्बलीचा ईलिंग रोड, टूटिंग किंवा लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानांत मिळतात, पण शंभर हवे असतील तर दोन दिवस आधी सांगून ठेवा. नाहीच मिळाले तर सुपरमार्केटचे मऊ पांढरे रोल चालतात. त्यावर तीळ नसल्याची खात्री करा, कारण पुढे येतेच आहे.

सारण आदल्या संध्याकाळी करायचं आणि इथेच सर्वांत मोठी चूक होते. सहा किलो गरम सारण एकाच पातेल्यात, वर झाकण, आणि पातेलं फ्रिजमध्ये. अशा पातेल्याचा मध्य पहाटेपर्यंत कोमट राहतो. जंतूंना ८ ते ६३ अंश सेल्सिअस हाच पट्टा मानवतो. सारण ट्रेमध्ये पाच सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीत पसरा, दीड-दोन तासांत थंड करा, मग गोळे करून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज ५ अंशांवर असू द्या. घरच्या फ्रिजमध्ये शंभर गोळे मावत नाहीत, म्हणून दोन घरांत वाटून घ्या. ज्याला जुलाब किंवा उलट्या झाल्या असतील त्याने त्या थांबल्यानंतर ४८ तास अन्नाला हात लावायचा नाही, मग तो मुख्य आचारी का असेना.

पीठ मात्र तिथेच भिजवायचं. बेसनाचं कोरडं मिश्रण तीन डब्यांत सारखं वाटून न्या. एका डब्याला सुमारे साडेपाचशे मिलिलिटर पाणी आणि चिमूटभर सोडा. तिन्ही डबे एकदम भिजवलेत तर शेवटचं पीठ तासभर सोड्यासकट बसून राहतं, पातळ पडतं आणि वडे तेल पितात. तेल १७५ ते १८० अंशांवर हवं. गोळे फ्रिजमधून थेट कढईत गेले तर आवरण तांबूस होतं आणि आत गार. प्रत्येक घाण्यातल्या एका वड्यात टोचायचा थर्मामीटर घालून बघा. मध्यभागी ७५ अंश आले की झालं. तळलेले वडे झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे नाहीत, वाफेने पाच मिनिटांत मऊ होतात. शाळेच्या ओव्हनमध्ये, शंभर अंशांवर, उघड्या ट्रेमध्ये ठेवा. विकेपर्यंत वडा ६३ अंशांच्या वर राहिला पाहिजे. तसा राहिला नाही तर दोन तासांच्या आत संपवायचा.

विजेवर तळणार असाल तर एक हिशेब पाठ करा. इथल्या प्लगमधला फ्यूज १३ अँपिअरचा, दाब २३० व्होल्ट, म्हणजे जेमतेम ३ किलोवॉट. टेबलावरचा एक मोठा फ्रायर एकटाच तेवढी वीज खातो. त्याच एक्स्टेन्शनवर शेजारच्या स्टॉलवाल्या बाईंनी चहाची किटली लावली की फ्यूज गेलाच. आणि गुंडाळीची एक्स्टेन्शन वायर असेल तर ती पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळलेल्या वायरमधली उष्णता बाहेर पडत नाही, आतलं प्लास्टिक वितळतं. गॅस वापरायची परवानगी मिळाली तर तळण गझीबोच्या कापडाखाली नको, मुलांची रांग आणि कढई यांच्यात किमान एक टेबल हवं, आणि तेलाच्या आगीसाठी पिवळ्या पट्टीचा वेट केमिकल अग्निशामक व फायर ब्लँकेट हाताशी. पेटलेल्या तेलावर पाणी कधीच नाही.

ॲलर्जीचा विषय आपल्याकडे "थोडं खाल्लं तर काय होतंय" असा निघतो. इथे तो तसा काढू नका. ब्रिटनच्या नियमांत चौदा ॲलर्जीकारक घटक ठरवून दिले आहेत आणि आपल्या वडापावात त्यांतले कितीतरी नकळत शिरतात. मोहरी त्या यादीत आहे, म्हणजे फोडणीच यादीत आली. डब्यातल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे "पाव नको, नुसता वडा दे, मला ग्लूटेन चालत नाही" म्हणणाऱ्या माणसाला वडाही चालत नाही. सुक्या लसणीच्या चटणीतले शेंगदाणे आणि तीळ, दोन्ही यादीत. खोबरं यादीत नाही, पण इथल्या पाकिटातल्या डेसिकेटेड खोबऱ्यात पुष्कळदा सल्फाइट हे टिकवण्याचं रसायन असतं आणि ते यादीत आहे. पावात दूध असू शकतं.

बऱ्याच शाळा शेंगदाणा-सुकामेवा आत येऊच देत नाहीत. तेव्हा चटणी नुसत्या लसूण, खोबरं आणि तिखटाची करा, तिला काही कमी पडत नाही. हिंग, पाव, खोबरं यांची रिकामी पाकिटं फेकू नका, एका पिशवीत घालून स्टॉलवर न्या. कुणी विचारलं तर आठवणीने उत्तर द्यायचं नाही, पाकीट दाखवायचं. समोर ठळक अक्षरात एक कार्ड लावा: गहू, मोहरी, आणि तुमच्या पाकिटांत जे निघेल ते. पावात दूध नसेल आणि लोणी लावत नसाल तर 'व्हीगन' असंही लिहा. त्या एका शब्दावर रांग लांबते.

माणसं सहा लागतात. दोन तळायला, एक पाव-चटणीला, एक गल्ल्यावर, एक रांगेत पुढे जाऊन किती हवेत, ॲलर्जी आहे का हे विचारायला, आणि एक इकडून तिकडे धावायला. प्रत्यक्षात चौघी कढईभोवती उभ्या राहतात आणि गल्ल्यावर कुणीच नसतं, म्हणून नावं आधी कागदावर लिहा. गल्ल्यावरच्या माणसाने पावाला हात लावायचा नाही. हात धुवायला तोटीचा पाण्याचा कॅन, साबण, बादली आणि कागदी रुमाल हवेत. सॅनिटायझर हे बेसन लागलेल्या हातांवरचं उत्तर नाही.

सुट्यांसाठी चाळीस एक-पाउंडी नाणी आणि पाचाच्या दहा नोटा, एकूण नव्वद पाउंड, मोजून चिठ्ठीसह पेटीत ठेवा आणि शेवटी तेवढे आधी बाजूला काढा. कार्ड मशीनला शाळेच्या आवारात रेंज येते का ते आदल्या आठवड्यात बघून या. शेवटची मोजणी दोघांनी मिळून करायची. पैसे पीटीएच्या खात्यात जातात, कुणाच्या खासगी खात्यातून फिरून नाही. पैसे पुढे एखाद्या हॉस्पिसला, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेला, द्यायचे असतील आणि पाटीवर "सगळी रक्कम हॉस्पिसला" लिहिलंत तर बटाट्याचा खर्च तुमच्या खिशातून. तो वळता करायचा असेल तर "नफा हॉस्पिसला" लिहा. गिफ्ट एडबद्दलही गल्लत होते. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्याने देणगी दिली तर संस्थेला पाउंडामागे २५ पेन्स सरकारकडून मिळतात, पण ते देणगीवर, वड्याच्या किमतीवर नाही. रॅफल, म्हणजे बक्षिसांची सोडत, ठेवणार असाल तर तिकिटं फेअर चालू असताना तिथेच विका. आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर विकलीत तर नियम बदलतात आणि काउन्सिलकडे नोंदणीचा प्रश्न येतो. देणगीचा डबा घेऊन रस्त्यावर किंवा ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, स्टेशनबाहेर उभं राहायला लंडनमध्ये पोलिसांचा परवाना लागतो.

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आलेले असतात आणि वडे वळायला त्यांच्याइतके तयार हात नाहीत. व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत विनामोबदला स्वयंसेवा करता येते. तुमच्या शाळेची पीटीए नोंदलेली आहे का, ते चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर नाव घालून दोन मिनिटांत दिसतं. घरी भाचा-पुतण्या स्टुडंट व्हिसावर असेल तर दोन तास स्टॉलवर उभं राहायला हरकत नाही. मात्र एखाद्या संस्थेत ठरलेले तास आणि ठरलेली जबाबदारी घेतली तर ते बिनपगारी असलं तरी काम धरलं जातं आणि त्याच्या आठवड्याच्या मर्यादेत मोजलं जातं.

ट्यूबने जाणार असाल तर शनिवार-रविवारी कुठली लाइन बंद आहे ते आदल्या रात्री बघा, आणि जिन्याविना स्टेशनं निवडा. शंभर पाव हातगाडीवर असताना सरकत्या जिन्याशी भांडण नको.

आणि तेल. ते स्टॉलवरच थंड होऊ द्या, दीड-दोन तास लागतात, तोवर एक माणूस तिथे बसलेला हवा. शाळेच्या सिंकमध्ये ओतू नका. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपलखालच्या गटारात तेला-चरबीचा आणि वाइप्सचा अडीचशे मीटर लांब, १३० टनांचा गोळा निघाला होता. त्याचा एक तुकडा नंतर म्युझियम ऑफ लंडनमध्ये काचेत मांडला होता. गार तेल गाळून त्याच पाच लिटरच्या कॅनमध्ये भरा आणि काउन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रावर द्या. कॅन गाडीत उभा ठेवा आणि त्याला सीटबेल्ट लावा. सीटमध्ये मुरलेला वड्याचा वास दिवाळीपर्यंत जात नाही.