न्यूग्रेंजच्या प्रागैतिहासिक दफन-टेकाडाची पांढरी भिंत मूळचीच आहे का?

नाही, गारगोटीचे दगड प्राचीन आहेत, पण भिंत विसाव्या शतकातली आहे. आयर्लंडमधल्या या टेकाडाचं उत्खनन प्रा. मायकेल ओ'केली यांनी 1962 ते 1975 या काळात केलं. प्रवेशद्वारासमोर गारगोट्यांचा खच सापडला. ती कोसळलेली भिंत असावी, असा निष्कर्ष काढून आतून काँक्रीटचा आधार देत ती पुन्हा उभारली गेली. काही पुरातत्त्वज्ञांच्या मते हे दगड जमिनीवरच अंथरलेले होते. शेजारच्या नाउथ टेकाडापुढे ते तसेच ठेवले आहेत, आणि मला तेच जास्त प्रामाणिक वाटतं. मात्र यावरून सगळं न्यूग्रेंज नव्यानं बांधलंय असं समजू नका. आतल्या दफन-कक्षाचं दगडी छत सुमारे 5,200 वर्षांपूर्वीचंच आहे.