ढगाळ दिवशी तिळाचे लाडू

प्रश्न : पौषात आभाळ भरून आलं की घरात सगळेच मरगळतात. मुलं आणि सासूबाई मिळून करतील असं काही सुचवा. गेल्या वर्षी तिळाचे लाडू केले, ते दगडासारखे झाले.

उत्तर : लाडूच करा, सगळ्यांच्या हाताला काम मिळतं. पाव किलो तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. अर्धी वाटी भाजलेल्या दाण्यांचं कूट करा. दाणे पाखडायला सासूबाईंना द्या, सालं उडताना बघायला मुलं आपोआप गोळा होतात! कढईत चमचाभर तूप, त्यात पाव किलो चिकीचा गूळ.

तुमचं चुकलं ते बहुधा पाकात. गूळ विरघळून फसफसला की लगेच एक थेंब वाटीतल्या गार पाण्यात टाका. त्याची बोटांनी मऊ गोळी वळली की गॅस बंद. ती वाटीवर टणकन वाजली, तर पाक पुढे गेला आणि लाडू कडक होणार. तीळ, कूट, वेलची घालून भराभर ढवळा. पाक फार भाजतो, म्हणून मिश्रण मोठ्यांनीच चमच्यानं ताटात काढावं आणि हाताला सोसेल तेव्हा मुलांनी पाण्याचा हात लावून वळावं. मध्येच घट्ट झालं, तर कढई मिनिटभर मंद आचेवर ठेवा.

सासूबाईंना चावत नसेल, तर भाजलेले तीळ आणि साधा चिरलेला गूळ मिक्सरमधून फिरवून वळा. त्याला पाकच लागत नाही.