मीडियन फिल्टरने ठिपक्यांबरोबर बारीक रेषाही जातात. इम्पल्स नॉइज आधी ओळखायचा कसा?

३×३ चा मीडियन फिल्टर (प्रत्येक पिक्सेलच्या जागी तो आणि त्याचे आठ शेजारी अशा नऊ आकड्यांतला क्रमाने मधला आकडा ठेवणारा) लावला की काळे-पांढरे ठिपके जातात, पण स्कॅन केलेल्या नकाशातल्या बारीक रेषा तुटतात आणि ५×५ केलं तर आणखी बिघडतं, असं तुम्ही लिहिलंय. तसं होणारच. फिल्टर सरसकट प्रत्येक पिक्सेलला लागतोय आणि खराब पिक्सेल शंभरात पाचच असतील, तर उरलेल्या पंच्याण्णवांना हात लावायचं कारणच नाही. आधी खराब पिक्सेल हुडकायचे आणि मग तेवढेच बदलायचे. बदलणं सोपं आहे, कस लागतो तो हुडकण्यात. म्हणून मी त्यावरच जास्त लिहिते.

इम्पल्स नॉइजमध्ये काही पिक्सेलची मूळ किंमत पूर्ण पुसली जाते आणि तिथे भलताच आकडा बसतो. शेजारचे पिक्सेल मात्र जसेच्या तसे राहतात. डेटा पाठवताना बिट उलटणं, मेमरीतली खराब जागा, सेन्सरचे बिघडलेले पिक्सेल ही नेहमीची कारणं. ८ बिटच्या चित्रात (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) हा भलता आकडा फक्त ० किंवा २५५ असेल तर त्याला सॉल्ट अँड पेपर म्हणतात. ० ते २५५ मधला कुठलाही असेल तर तो रँडम व्हॅल्यूड इम्पल्स, आणि हा दुसरा प्रकार जास्त छळतो.

मीडियन का चालतो ते आधी आकड्यांत बघा. ही एक विंडो, म्हणजे मधला पिक्सेल आणि त्याचे शेजारी:

११२ ११५ ११८
११० २५५ ११६
१०८ १११ ११४

सरासरी काढली तर १२९ येते, म्हणजे एका २५५ ने सगळ्यांना वर ओढलं. नऊ आकडे चढत्या क्रमाने लावले तर पाचवा येतो ११४. ठिपका गेला, शेजारी बिघडले नाहीत. आता तुमच्या नकाशातली एक पिक्सेल जाडीची उभी रेषा घ्या:

२०१ ४२ १९८
२०३ ४० १९९
२०० ४१ २०२

इथे पाचवा आकडा १९९. रेषेचे पिक्सेल नऊपैकी तीनच, त्यामुळे बहुमतात ते हरले आणि मधला ४० पुसला गेला. विंडो ५×५ केली तर रेषेचे २५ पैकी ५, म्हणजे दोन पिक्सेल जाडीच्या रेषाही गेल्या. तुम्हाला दिसलेला प्रकार हाच.

निव्वळ सॉल्ट अँड पेपर असेल तर ओळखणं तुलनेने सोपं आहे: ० किंवा २५५ असलेले पिक्सेल संशयित धरा. पण कागदाचा पांढरा भाग खरोखरच २५५ असू शकतो, म्हणून संशयिताभोवती बरेच पिक्सेल त्याच किमतीचे असतील तर त्याला सोडून द्या. १९९५ मध्ये ह्वांग आणि हद्दाद यांनी मांडलेला अ‍ॅडाप्टिव्ह मीडियन यासाठी अजूनही उत्तम आहे. विंडोचा मीडियन हाच तिचा किमान किंवा कमाल आकडा निघाला तर तो विंडो मोठी करतो. मीडियन भरवशाचा वाटला, तरच मधला पिक्सेल टोकाचा आहे का ते तपासतो, आणि नसेल तर त्याला हात लावत नाही.

रँडम व्हॅल्यूड प्रकारात ही युक्ती चालत नाही. पहिल्या विंडोत मध्ये २५५ ऐवजी १५० आहे असं समजा. १५० हा अगदी सभ्य आकडा, एकटा पाहिला तर कुणाला संशय येणार नाही. इथे शेजाऱ्यांशी तुलना करावी लागते. २००५ मध्ये आलेली रोड (ROAD) ही पद्धत आठही शेजाऱ्यांशी फरक काढते आणि त्यातल्या सर्वांत लहान चारांची बेरीज घेते. १५० साठी ती येते ३२ + ३४ + ३५ + ३६ = १३७. तिथे खरा पिक्सेल ११३ असता तर १ + १ + २ + २ = ६ आली असती. फरक ढळढळीत आहे.

पण हीच पद्धत रेषेच्या विंडोवर चालवा. ४० चे लहान चार फरक १, २, १५८, १५९, बेरीज ३२०. म्हणजे निर्दोष रेषा ठिपक्यापेक्षाही जास्त संशयित ठरली! फोटोंसाठी रोड छान आहे, नकाशासाठी मी ती वापरणार नाही.

तुमच्या कामाला दिशा बघणारी पद्धत लागेल. कल्पना साधी आहे: रेषेवरच्या पिक्सेलला निदान एका दिशेने सगेसोयरे असतात, ठिपक्याला कुठल्याच दिशेने नसतात. आडवी, उभी आणि दोन तिरप्या अशा चार दिशा घ्या. प्रत्येक दिशेतल्या समोरासमोरच्या दोन शेजाऱ्यांशी असलेले फरक बेरजेत घ्या आणि चार बेरजांतली सर्वांत लहान ठेवा. रेषेवरच्या ४० साठी उभ्या दिशेत २ + १ = ३. ठिपक्याच्या १५० साठी चारही दिशांना ७४. मध्ये ४० च्या आसपास थ्रेशोल्ड, म्हणजे संशयाची मर्यादा, ठेवला की दोघं वेगळे होतात. झँग आणि करीम यांनी २००२ मध्ये हाच विचार ५×५ च्या विंडोत मांडला. एखादा शेजारीच खराब निघाला तर दोन पिक्सेल पलीकडचे शेजारीही हाताशी असावेत, म्हणून मोठी विंडो बरी. स्कॅनमध्ये दाणेदारपणा असेल तर थ्रेशोल्ड थोडा वर न्यावा लागेल.

मर्यादाही आहे. रेषेचं टोक, टोकदार कोपरा आणि अक्षरावरचा अनुस्वार यांना समोरासमोरचे दोन सोबती नसतात. अनुस्वार एकाच पिक्सेलचा असेल तर तो आणि ठिपका यांत गणिताला काहीच फरक दिसत नाही. तिथे उपाय स्कॅनरवरच आहे: ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० पिक्सेल) अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका साधारण ६ पिक्सेल रुंद येतो, ७२ डीपीआयला जेमतेम दीड. शक्य असेल तर पुन्हा जास्त रेझोल्यूशनला स्कॅन करा.

बदलताना विंडोतल्या फक्त चांगल्या पिक्सेलचा मीडियन घ्या. खराब ठरलेले त्यात मोजू नका, नाहीतर दोन ठिपके शेजारी आले की उत्तर वाहवत जातं. चांगले दोन-तीनसुद्धा मिळत नसतील तरच विंडो वाढवा. रंगीत चित्रात लाल, हिरवा, निळा वेगवेगळा फिल्टर केला तर कडांवर मुळात नसलेले रंग उगवतात. त्यासाठी व्हेक्टर मीडियन आहे, तो विंडोतल्याच एका पिक्सेलचा पूर्ण रंग उचलतो.

थ्रेशोल्ड डोळ्यांनी ठरवू नका. स्वच्छ नकाशाचा एक तुकडा घ्या, त्यात स्वतः ५ टक्के नॉइज घाला आणि किती ठिपके सुटले, किती चांगले पिक्सेल नाहक पकडले हे वेगवेगळं मोजा. नुसता पीएसएनआर (मूळ आणि साफ केलेल्या चित्रातला एकूण फरक सांगणारा एकच आकडा) बघितला तर हा फरक कळत नाही. १० लाख पिक्सेलच्या चित्रात ५० हजार ठिपके असतील आणि चांगल्यांपैकी फक्त २ टक्के चुकून पकडले गेले, तरी ते १९ हजार होतात, आणि नकाशात त्यातले बहुतेक रेषांवरच असतात.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात स्पष्ट नाही: फाइल जेपेगमध्ये आहे का? जेपेग ८×८ च्या ठोकळ्यांत काम करतं, त्यामुळे एका पिक्सेलचा ठिपका त्या अख्ख्या ठोकळ्यात पसरतो आणि वरचं कुठलंच गणित नीट लागत नाही. स्कॅनरमधून थेट टिफ किंवा पीएनजी काढा, नॉइज त्यावरच साफ करा आणि जेपेग हवंच असेल तर सगळ्यात शेवटी बनवा. आणि ठिपके प्रत्येक स्कॅनमध्ये त्याच जागी येत असतील तर फिल्टर लिहायच्या आधी स्कॅनरची काच पुसून बघा.