घर आणि कायदा : खिडकी बदलायची आहे, असोसिएशन अडवते

प्रश्न : राजारामपुरीतील आमची सोळा सदनिकांची इमारत १९९६ साली बांधलेली असून तिची अपार्टमेंट असोसिएशन आहे. माझ्या हॉलच्या दोन्ही खिडक्या पश्चिमेला असल्याने पावसाची झड थेट त्यांच्यावर येते. सागवानी चौकटींचे खालचे लाकूड कुजले आहे. आषाढात झडपा फुगून बसत नाहीत आणि फटीत जुने टॉवेल कोंबावे लागतात. म्हणून त्या जागी पांढऱ्या यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) सरकत्या खिडक्या बसवायचे ठरवून मी फॅब्रिकेटरला आगाऊ रक्कमही दिली. तेवढ्यात अध्यक्षांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, सर्व खिडक्या चॉकलेटी रंगाच्याच राहतील, अन्यथा दहा हजार रुपये दंड, असा संदेश टाकला. वास्तविक तिसऱ्या मजल्यावरील एकांनी बाल्कनी सरळ भिंत घालून बंद केली आहे. त्यांना कोणी विचारत नाही. खिडकी माझी, खर्चही माझा, मग परवानगी कशासाठी?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : कोल्हापुरात इमारतीतील कोणत्याही मंडळाला सरसकट ‘सोसायटी’ म्हणण्याची पद्धत आहे, परंतु आपली इमारत अपार्टमेंट असल्याने तिला सहकार कायदा लागू होत नाही, तर महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट, १९७० आणि त्याखालील १९७२ चे नियम लागू होतात. या कायद्यात सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे इमारतीचे नोंदणीकृत घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन. बहुतेक सदनिकाधारकांनी ते घर घेताना एकदाच, तेही सही करण्यापुरते, पाहिलेले असते. आपल्याकडे प्रत नसल्यास ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात त्याची नोंदणी झाली तेथून प्रमाणित प्रत मिळते. अध्यक्षांशी वाद घालण्यापूर्वी ती आणि तिला जोडलेले उपविधी, म्हणजे असोसिएशनच्या कारभाराचे नियम, वाचावेत.

आता आपला मूळ प्रश्न. घोषणापत्रात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर इमारतीचा पाया, खांब, तुळया, मुख्य भिंती आणि छप्पर ही कायद्याने सामाईक क्षेत्रे ठरतात. म्हणजे आपली खिडकी ज्या भिंतीत बसली आहे ती भिंत सोळा जणांची आहे. खिडकीचे तसे नाही. १९७२ च्या नियमांसोबतच्या नमुना उपविधीत दारे आणि खिडक्या यांच्या दुरुस्तीचा खर्च त्या त्या सदनिकाधारकानेच करायचा, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा ‘खर्च माझा’ हे आपले म्हणणे बरोबर आहे. पण त्यावरून ‘मग विचारायचे कशाला’ असा निष्कर्ष निघत नाही. त्याच नमुना उपविधीनुसार सदनिकेत फेरबदल करायचा असेल तर असोसिएशनला आधी लेखी कळवावे लागते. असोसिएशनने तीस दिवसांत उत्तर द्यायचे असते आणि त्या मुदतीत उत्तर आले नाही तर हरकत नाही असे समजले जाते. लोकांना यातले तीस दिवस नेमके पाठ असतात, ‘लेखी’ हा शब्द मात्र विसरला जातो. आपणही आगाऊ रक्कम आधी दिली आणि अर्ज अजून दिलेलाच नाही, असे पत्रावरून दिसते.

अध्यक्षांचीही बाजू भक्कम नाही. ग्रुपवरचा संदेश हा ठराव नव्हे. इमारतीच्या दर्शनी बाजूस एकच रंग असावा, असा नियम उपविधीत असेल किंवा सभेत रीतसर मंजूर झालेला असेल, तर कलम ७ प्रमाणे तो आपल्यावर बंधनकारक आहे आणि तो मोडल्यास असोसिएशन, किंवा एखादा नाराज शेजारीसुद्धा, नुकसानभरपाई अथवा मनाई हुकूम मागण्यासाठी न्यायालयात जाऊ शकतो. असा नियम नसेल, तर अध्यक्षांची आवडनिवड म्हणजे नियम होत नाही. आणि दंडाचा आकडाही उपविधीत दाखवता आला पाहिजे. म्हणून ठरावाची तारीख आणि इतिवृत्ताची प्रत लेखी मागावी. इमारतीचे मूल्य कमी करणारे काम कलम ८ ने मना केले आहे हे खरे. पण कुजलेल्या चौकटीच्या जागी नवी पांढरी खिडकी बसवल्याने मूल्य घटते, असे म्हणणे मला तरी ओढूनताणून केलेले वाटते.

तरीही एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. यूपीव्हीसीच्या पट्ट्या लाकडी रंगाचे लॅमिनेशन केलेल्याही मिळतात. पांढऱ्यापेक्षा त्या महाग पडतात. पण माल कापला गेला नसेल तर फॅब्रिकेटरला आजच फोन करून फरक विचारावा. दोन खिडक्यांचा फरक कदाचित वकिलाच्या पहिल्या नोटिशीइतकाही होणार नाही.

बाल्कनीविषयी आपली तक्रार रास्त आहे, फक्त ती आपल्या खिडकीच्या बचावासाठी वापरू नये. बाल्कनीत भिंत घालणे आणि खिडकी बदलणे ही एका तोलाची कामे नाहीत. इमारतीत भरीव बांधकाम वाढवायचे तर कलम ८ नुसार इतर सर्व सदनिकाधारकांची आधी एकमुखी संमती लागते; तीस दिवसांच्या मौनाने ती मिळत नाही. महानगरपालिकेचा प्रश्नही तिथेच येतो. नगररचना कायदा, १९६६ च्या कलम ४३ मध्ये, इमारतीच्या बाह्य स्वरूपात लक्षणीय बदल न करणाऱ्या देखभालीच्या वा सुधारणेच्या कामाला परवानगीची गरज नाही, अशी सूट आहे. त्याच मापाची खिडकी या सुटीत बसते. भोक मोठे करून तिथे दार काढलेत, तर बसणार नाही.

अर्जात खिडकीचे जुने व नवे माप, रंग, लोखंडी ग्रिल आतून की बाहेरून, कामाचे दिवस आणि राडारोडा कोठून उतरवणार, एवढे लिहावे आणि पोच घ्यावी. प्रत्यक्ष कामात जुनी चौकट छिन्नी-हातोड्याने उखडू देऊ नये. करवतीने किंवा ग्राइंडरने तुकडे करून काढली तर बाहेरचा गिलावा वाचतो. तो फुटला तर सामाईक भिंत फोडल्याचा आरोप येईल आणि तो खरा असेल. खालच्या ग्रॅनाइट पट्टीला बाहेरच्या बाजूस उतार आहे का, आणि सरकत्या खिडकीच्या ट्रॅकला पाणी जाण्यासाठी भोके पाडली आहेत का, हे बसवणारा माणूस जाण्यापूर्वी तांब्याभर पाणी ओतून पाहावे. ती भोके सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजवलेली मी अनेकदा पाहिली आहेत. मग ट्रॅक भरून पाणी हॉलमध्ये येते आणि दोष पावसाला दिला जातो.

प्रश्न : आमची ताराबाई पार्कात नोंदणीकृत गृहनिर्माण सोसायटी आहे. गेल्या वर्षी मी कमिटीच्या परवानगीने खिडक्या बदलल्या. यंदा खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून ओल येते. तुम्ही खिडकी बदललीत म्हणून खर्च तुमचा, असे कमिटी म्हणते.
– एक वाचक भगिनी, ताराबाई पार्क

उत्तर : सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधीत बाहेरच्या भिंती आणि पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाच्या यादीत येते, त्या यादीत नसलेली दुरुस्ती सभासदाने करायची असते. त्यामुळे पाणी नेमके कोठून शिरते यावर सारे अवलंबून आहे. चौकट आणि भिंत यांमधल्या सांध्यातून येत असेल तर ते आपल्या कामाचे उणे आहे, आणि फॅब्रिकेटरला बोलावून सांधा पुन्हा भरून घ्यावा. वरच्या छज्जाला तडा असेल, किंवा छज्जा व भिंत यांच्या जोडातून पाणी येत असेल, तर खिडकीशी त्याचा संबंध नाही. पाऊस उघडल्यावर छज्जावर अर्धा तास पाणी सोडून, कमिटीच्या एका सदस्यासमक्ष ओल कोठून उतरते ते पाहावे आणि तारखेसह छायाचित्रे काढून अर्जाला जोडावीत. तरीही कमिटी ऐकत नसेल तर उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करता येते.