इसार दिला अन् मग कळलं, स्लॅब गळतोय

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही मूळ परभणीचे, पोरांच्या शिक्षणासाठी संभाजीनगरात जुना टू बीएचके बघितला, वरचा मजला, दोन लाख इसारही दिला. आता शेजारच्या काकू म्हणतात पावसाळ्यात हॉलचा स्लॅब गळतो, मालकानं नुसता रंग मारलाय. वर मेंटेनन्स थकलेला, अन् सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात एक लाख देणगी द्या तरच एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र. काय करावं?

उत्तर : दादा, खरेदीखत झालेलं नाही हे फार बरं झालं, म्हणून आधी रजिस्ट्रीची तारीख पुढं ढकला. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 55 बघा. घरातला जो दोष मालकाला माहीत आहे अन् साध्या नजरेनं बघून तुम्हाला कळला नसता, तो सांगणं मालकाचं कर्तव्यच आहे. रंगाखाली झाकलेली गळती अशीच गोष्ट. फोटो काढा अन् मालकाला लेखी विचारा, व्हॉट्सअपवर का होईना, पण लेखी. तोंडी बोलण्याचं पुढं काही उरत नाही.

गळती गच्चीतून असेल तर ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं व्हायला पाहिजे, आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, तसंच आहे. मालकानं सोसायटीला कधी अर्ज दिला होता का तेही विचारा.

देणगीचं तर मला खरंच वाईट वाटतं, किती लोक घाबरून भरून टाकतात. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे घर दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त 25,000 रुपये, तोही सर्वसाधारण सभेनं ठरवलेला, शिवाय 500 ट्रान्सफर फी अन् 100 प्रवेश फी. विकास निधी म्हणा नाहीतर देणगी, नाव बदलून जास्तीचं मागता येत नाही. हस्तांतरणाला एनओसीची अटही उपविधीत नाही, मालकानं सोसायटीला 15 दिवसांची नोटीस द्यायची असते. बँकेनं लोनसाठी एनओसी मागितली तर ती गोष्ट वेगळी, पण त्यासाठीही लाखभर कशाला? तरी अडवलं तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडं लेखी तक्रार करा.

थकबाकी मात्र हलक्यात घेऊ नका. ती भरल्याशिवाय सोसायटी तुमच्या नावावर शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीतल्या भागाचा दाखला, करणार नाही, मग घर तुमचं पण मेंबर जुनाच मालक. म्हणून सोसायटीकडून नो ड्यूजचं पत्र हातात आल्यावरच उरलेले पैसे द्या, नाहीतर थकबाकी व्यवहाराच्या रकमेतून कापून परस्पर सोसायटीत भरा अन् तसं करारात लिहून घ्या. मालक गळतीची दुरुस्ती किंवा किंमत कमी करायला तयार नसेल, तर इसार पावती घेऊन वकिलाकडं जा, दोन लाख परत मागायला ती लागेल.