खोली दिली, काम दिले नाही

प्रश्न : आमच्या विणकर संस्थेने पैठणीच्या नव्या नक्षीसाठी पुण्या-मुंबईचे डिझायनर बोलावले. राहणे-जेवण फुकट. तिघे आले, फोटो काढले, आठ दिवसांत परत गेले. ही मंडळी टिकावीत कशी? – एक वाचक, पैठण

उत्तर : तुम्ही खोली दिली, काम दिले नाही. एकाच डिझायनरशी १२ आठवड्यांचा लेखी करार करा. पहिले २ आठवडे नुसते मागाशेजारी बसणे, पुढचे ३ आलेखकागदावर नक्षी, उरलेले ७ विणकाम. मानधन दरमहा द्या. नमुन्यासाठी ज्याचा माग अडकेल त्या विणकरालाही तेवढ्या दिवसांची पूर्ण कमाई द्या. इथेच बहुतेक योजना फसतात. पैसे नसले की विणकर नमुना बाजूला सारून गिऱ्हाइकाची साडी आधी काढतो. त्यात त्याचे काय चुकले?

मग नक्षी. पदरात प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळ्या तिल्लीवर (छोट्या कांडीवर) असतो आणि आपल्या जागेपुरताच फिरतो. संगणकावर छटा देऊन काढलेला मोर झकास दिसतो, पण एका ओळीत ६० तिल्ल्या लागल्या तर काम हलतच नाही. ओळीत जास्तीत जास्त किती तिल्ल्या, हे विणकराने आधी सांगावे. पहिला नमुना साडीचा नकोच. अरुंद ताणा (उभे धागे) लावून स्टोल विणा, फसला तरी रेशीम थोडेच जाते.

नक्षी नोंदवण्याआधी इन्स्टाग्रामवर टाकू नका. २०००च्या डिझाइन कायद्यानुसार आधी प्रसिद्ध झालेल्या नक्षीची नोंदणी होत नाही. नोंदवली तर १० वर्षे, वाढवून आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. पैठणीला २०१० मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन नावाचे रक्षण करते, तुमच्या नव्या मोराचे नव्हे. नक्षीची मालकी कोणाची आणि दर साडीमागे डिझायनरला किती, हेही करारातच लिहा.

राहण्याचे म्हणाल तर, एकट्या मुलीला खोली देताना घरमालक शंभर चौकशा करतात. भाडेकरार संस्थेच्या नावावर करा. आणि मुंबई गाठण्याआधी ५०-५५ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात चौकशी करा. तिथली मुले शनिवारी घरी जाऊन सोमवारी मागावर हजर होऊ शकतात.